मनोऱ्यातून मंडळीत : हातघंटांची कथा

नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत किंवा पूर्वेत येऊन राहिलेल्या मराठी गृहस्थास डिसेंबरचा शेवटचा आठवडा लवकरच ‘बडा दिन’ या नावाने ओळखीचा होतो. कचेऱ्यांना सुटी असते, छावणीतील जुन्या चर्चवर दिवे लागतात, आणि रात्री केव्हा तरी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या दारी गाणारांची टोळी येऊन उभी राहते. शिष्टाचार म्हणून म्हणा, कुतूहलाने म्हणा, आपल्यापैकी पुष्कळांनी अशा चर्चच्या मागल्या बाकावर बसून नाताळची गीते ऐकलेली असतील. या गीतांना इंग्रजीत कॅरोल म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक चर्चमधून या गीतांना ऑर्गनच्या जोडीला हातघंटांचीही साथ असते. पांढरे हातमोजे घातलेली दहाबारा माणसे एका लांब टेबलामागे उभी राहतात. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत कातडी मुठीची एकेक चकचकीत घंटा असते. ज्याची पाळी येईल त्याने आपली घंटा पुढे झटकावयाची आणि सूर संपवावयाचा झाला की ती खांद्याशी टेकवून मुकी करावयाची, अशा रीतीने एकेका माणसाच्या एकेका सुरातून गीताची चाल विणली जाते, आणि त्या नादाबरोबर सगळी मंडळी उभी राहून गाते.

हे दृश्य पाहणारास सहज वाटते की, मध्ययुगापासून हे असेच चालत आले असावे. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या हातघंटा येथे गीताला साथ करतात त्या मुळात गाण्यासाठी घडविल्याच गेल्या नव्हत्या, आणि जी कॅरोल येथे सर्वांच्या मुखी असतात त्यांना कित्येक शतके चर्चच्या उपासनेत फारसे स्थान नव्हते. दोघांचीही चर्चमधली भेट अलीकडची आहे; आणि ती घडवून आणण्यात घरापासून दूर गेलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. ती हकीकत आपणांसारख्या परप्रांती राहणारांनी ऐकण्याजोगी आहे.

घंटेचा प्रवास ही गोष्ट मराठी माणसास नवी नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर तिथल्या पोर्तुगीज चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या. भीमाशंकराच्या देवळापुढे तशी एक घंटा आहे आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी. भाविक त्या वाजवितात, आणि त्या मूळच्या कोणत्या देवाच्या, असा प्रश्न घंटेला पडत नाही. तथापि आपल्याकडे घंटेचे काम एकटीने करावयाचे आहे. देवळात जाणारा एक टोला देतो, देवाला आपण आल्याची वर्दी देतो आणि गाभाऱ्याकडे वळतो. इंग्लंडात मात्र घंटांचा एक समुदाय झाला, आणि त्या समुदायाचे असे एक शास्त्र निर्माण झाले की, जगात त्याला तोड नाही.

सतराव्या शतकात इंग्रजी चर्चच्या मनोऱ्यांतील घंटा पूर्ण चाकावर बसविण्याची रीत स्थिर झाली. चाकाला दोर गुंडाळलेला असे आणि खालून दोर ओढला की घंटा झोका घेत घेत तोंड वर करून उभी राही. पुन्हा ओढला की ती पुरा फेरा करून दुसऱ्या बाजूने तशीच उभी राही. अशी टणांच्या हिशेबाची घंटा फिरावयास वेळ घेते. वादकाला तिची गती किंचित रोखता येते किंवा किंचित वाढविता येते, त्याहून अधिक काही करता येत नाही. त्यामुळे मनोऱ्यातील घंटांवर गाण्याची चाल वाजविणे जवळजवळ अशक्यच होते. परंतु सहा किंवा आठ घंटा ओळीने वाजविल्या आणि प्रत्येक फेरीत शेजारशेजारच्या दोघींनी आपला क्रम बदलला, तर मात्र दर वेळी नवी ओळ तयार होते. या क्रमपालटाचेच इंग्रजांना वेड लागले. तीन घंटांच्या ओळी सहा होतात, चारांच्या चोवीस, पाचांच्या १२०, सहांच्या ७२०, सातांच्या ५,०४० आणि आठांच्या ४०,३२०. एकही ओळ पुन्हा न येऊ देता ही संख्या पुरी करावयाची, आणि तीही कागद समोर न ठेवता, हा या वादकांचा पुरुषार्थ. १६६८ साली रिचर्ड डकवर्थ याचे ‘टिंटिनॅलॉजिया’ हे या कलेवरील पहिले पुस्तक निघाले. ते प्रसिद्ध करणारा मुद्रक फेबियन स्टेडमन याने १६७७ साली स्वतःचे ‘कॅम्पॅनॅलॉजिया’ लिहिले. आठ घंटांच्या चाळीस हजारांवर ओळी मनोऱ्यात एकाच तुकडीने अखंड वाजविण्याचा पराक्रम पुढे १९६३ साली लफबरो येथे झाला. त्याला अठरा तासांना दोनच मिनिटे कमी लागली!

या कलेचा एक अंश महाराष्ट्रातही आलेला आहे. पुण्याचे पंचहौद मिशन आपणांस ठाऊक असते ते १८९० सालच्या चहाच्या प्रकरणामुळे. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी तेथे चहा घेतला म्हणून पुण्यात जे ग्रामण्य माजले, त्याची गंमत आपण वडील माणसांकडून ऐकलेली असते. पण त्याच मिशनच्या चर्चला एक उंच स्वतंत्र मनोरा आहे, आणि त्यात लफबरोच्या टेलर यांच्या ओतशाळेतून आलेल्या आठ घंटांचा संच इंग्रजी पद्धतीप्रमाणे फिरवून वाजविण्यासाठी टांगलेला आहे, ही गोष्ट पुणेकरांपैकीही थोड्यांनाच माहीत असेल.

आता या सर्वांत हातघंटा कोठे आली? ती आली सरावासाठी. मनोऱ्यातील घंटा वाजू लागली की कोसभर ऐकू जाते, आणि शिकाऊ वादकाची प्रत्येक चूक सगळ्या गावाला कळते. शिवाय हिवाळ्यात मनोऱ्यात कडाक्याची थंडी. म्हणून वादकमंडळींनी छोट्या छोट्या घंटा करून घेतल्या. घरातल्या चुलीपाशी किंवा गावच्या पथिकगृहात वर्तुळ करून बसावे, प्रत्येकाने दोन हातांत दोन घंटा घ्याव्या, आणि चौघांत आठ घंटांचा क्रमपालट घोकावा. विल्टशर परगण्यातील ऑल्डबर्न या गावी विल्यम आणि रॉबर्ट कॉर या भावांची ओतशाळा सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि सुरात लावलेल्या हातघंटांचे पहिले संच घडविण्याचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. चार भाग तांबे आणि सुमारे एक भाग कथील अशा काशाची ही घंटा. तिच्यातली खुबी लोळ्यात असते. शाळेतील शिपायाच्या घंटेचा लोळा वाटेल तिकडे हेलकावतो. हातघंटेचा लोळा एकाच रेषेत मागेपुढे जातो आणि घट्ट बसविलेला असल्याने एका झटक्याला एकच ठोका देतो. म्हणूनच ती हुकमी वाजविता येते.

ज्या घंटा हातात आल्या त्या आता मनोऱ्याच्या नियमाने बांधलेल्या राहिल्या नाहीत. चाकाच्या घंटेवर जे अशक्य होते ते हातात सहज शक्य होते, म्हणजे हवा तो सूर हव्या त्या क्षणी काढणे. सरावाला बसलेल्या वादकांनी मनोरंजनासाठी म्हणून लोकप्रिय चाली वाजविण्यास आरंभ केला. अठराव्या शतकात घंटांची संख्या वाढत गेली, आणि एकोणिसाव्यात लँकेशर व यॉर्कशरच्या गिरणगावांतून हातघंटांचे मोठमोठे वाद्यवृंद उभे राहिले. दिवसभर मागांच्या खडखडाटात राबणारे कामगार संध्याकाळी शंभरशंभर घंटांवर नाट्यसंगीताचे तुकडे बसवू लागले. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५५ पासून सुमारे सत्तर वर्षे त्यांच्या चढाओढी भरत असत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे सारे जलसे होते. ऐकणारे वेगळे आणि वाजविणारे वेगळे. घंटा मनोऱ्यातून उतरली होती, पण मंडळीच्या गाण्याला साथ करावयास ती अजून चर्चमध्ये आलेली नव्हती.

याच काळातली एक गमतीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील नामांकित तमासगीर पी. टी. बार्नम याने १८४४ च्या सुमारास लँकेशरच्या घंटावादकांची एक टोळी आपल्या देशात नेली. साधे इंग्रज कामगार म्हणून त्यांना कोण पाहावयास येणार? तेव्हा बार्नमने त्यांना मिशा वाढवावयास लावल्या, आल्प्स पर्वतातील शेतकऱ्यांचा वेष दिला आणि ‘स्विस घंटावादक’ म्हणून जाहिरात केली. त्या बिचाऱ्यांनी शंका काढली की, आम्हांला तर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नाही. बार्नमचे उत्तर असे की, तुम्ही जे इंग्रजी बोलता तेच बोलत राहा, अमेरिकेत ते कोणालाच समजणार नाही! परप्रांतात गेलेल्या माणसाला आपली खरी ओळख बाजूला ठेवून लोकांना रुचेल ती ओळख धारण करावी लागते, याचा हा हास्यास्पद पण अगदी खरा नमुना होय.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे कॅरोलकडे, वळू. कॅरोल हा शब्द आज आपण केवळ नाताळच्या गीतांस लावतो. मध्ययुगात तो फेर धरून म्हणावयाच्या गाण्यास लावीत. एकाने कडवे म्हणावे आणि सर्वांनी ध्रुवपद उचलावे, अशी त्याची ठेवण. म्हणजे आपल्या भोंडल्याच्या गाण्यांशी त्याचे नाते स्तोत्रापेक्षा अधिक जवळचे. साहजिकच धर्मसुधारणेनंतरच्या कडक प्रॉटेस्टंट मनास ही गाणी उल्लू वाटली. प्युरिटनांच्या हाती सत्ता असताना १६४७ साली पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द केला. १६६० मध्ये राजा परत आला आणि सणही परत आला, तथापि चर्चच्या उपासनेत सर्वांनी मिळून गावयाचे ते मुख्यत्वे स्तोत्रसंहितेचे पद्य रूपांतर, हीच चाल कायम राहिली. नेहम टेट याने मेंढपाळांच्या प्रसंगावर रचलेले एक गीत १७०० सालच्या पुरवणीत समाविष्ट झाले, आणि पुढे दीर्घकाळ अधिकृत संग्रहात नाताळचे असे जवळजवळ तेवढेच होते. बाकीची कॅरोल चर्चबाहेर राहिली. ती शेतकऱ्यांच्या अंगणात, रस्त्यावर, पथिकगृहात गायिली जात. शेफील्डच्या आसपासच्या काही गावांत पथिकगृहात जमून स्थानिक कॅरोल गाण्याची चाल आजही चालू आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाणत्या माणसांस वाटू लागले की, ही गाणी आता मरणार. डेव्हिस गिल्बर्ट याने १८२२ साली कॉर्नवॉलकडील काही कॅरोल छापली ती अशा भावनेने, की जे नाहीसे होत आहे ते निदान कागदावर तरी राहावे. १८३३ साली विल्यम सँडिस याचा संग्रह निघाला. १८५३ मध्ये जॉन मेसन नील आणि टॉमस हेल्मोर यांनी, १५८२ सालच्या ‘पिए कांतिओनेस’ या जुन्या लॅटिन गीतसंग्रहातील चालींना इंग्रजी शब्द देऊन एक पुस्तक काढले. १८७१ च्या सुमारास ब्रॅमली आणि स्टेनर यांचा संग्रह घरोघरी गेला. जे मृत्युपत्र म्हणून लिहावयास घेतले होते त्याचा असा जन्मपत्रिकेसारखा उपयोग झाला. अखेर १८८० च्या नाताळच्या आदल्या रात्री, ट्रुरो येथे, जुने चर्च पाडून नवे कॅथीड्रल बांधले जात असल्यामुळे तात्पुरत्या उभारलेल्या लाकडी मंडपात, बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी नऊ पाठ आणि त्यांच्यामध्ये कॅरोल अशी उपासना योजिली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ती १९१८ साली एरिक मिलनर-व्हाइट यांनी सुरू केली. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात सैन्याचे धर्मगुरू होते, आणि रणांगणावरून परतलेल्या माणसांस रोजच्या उपासनेपेक्षा काही अधिक जिव्हाळ्याचे हवे आहे, असे त्यांस वाटत होते. १९२८ पासून ही उपासना बी. बी. सी. ने ध्वनिक्षेपित केली, आणि साम्राज्यात जेथे जेथे इंग्रज कामगिरीवर होता तेथे तेथे ती पोहोचली. आज जगभर जी ‘प्राचीन इंग्रजी परंपरा’ म्हणून ओळखली जाते तिचे वय हे एवढे. आपल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचेही तसेच आहे. तो १८९३ च्या सुमारासचा असूनही पुष्कळांस अनादि वाटतो.

या सुधारणेची एक किंमतही द्यावी लागली. टॉमस हार्डीची ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही १८७२ सालची कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात वाचली असेल. तीत खेड्यातील चर्चच्या सज्जात बसून सारंगी वाजविणाऱ्या गावकऱ्यांना बाजूस सारून ऑर्गन कसा आला, त्याचे वर्णन आहे. नाताळच्या रात्री घरोघर हिंडून गाणी म्हणणारे हेच लोक होते. गाणे चर्चमध्ये आले त्याच वेळी गावकऱ्याच्या हातचे वाद्य चर्चमधून बाहेर गेले. साथ एका माणसाच्या, ऑर्गनवादकाच्या, हाती एकवटली. पुढे हातघंटांनी जी जागा भरून काढली ती हीच, असे मला वाटते.

ही जागा भरली गेली ती मात्र इंग्लंडात प्रथम नव्हे, अमेरिकेत. आणि तेही बॉस्टन शहरात. हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा, कारण बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीची राजधानी, तिने १६५९ साली नाताळ पाळणारास पाच शिलिंग दंड ठरविला होता आणि तो कायदा १६८१ पर्यंत जारी होता. याच शहरातील ओल्ड नॉर्थ चर्चमध्ये ग्लॉस्टरच्या एबल रुडॉल याने १७४४ साली ओतलेल्या आठ घंटा आहेत. पुढे स्वातंत्र्ययुद्धात नाव मिळविणारा पॉल रिव्हिअर हा मुलगा असताना त्या वाजविणाऱ्यांपैकी एक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्थर निकल्स नावाच्या हौशी गृहस्थांनी या घंटा दुरुस्त करून पुन्हा वाजत्या केल्या. त्यांची कन्या मार्गारेट ही वडिलांबरोबर १९०२ साली लंडनला गेली, तेथे तिने क्रमपालटाची दीर्घ वादने पुरी केली आणि व्हाइटचॅपलच्या जुन्या ओतशाळेकडून तिला हातघंटांचा एक संच भेट मिळाला. तो घेऊन ती घरी परतली. विवाहानंतर मार्गारेट शर्क्लिफ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या बाईंनी आपली मुले व स्नेही यांना जमवून घंटा शिकविल्या, आणि नाताळच्या आदल्या रात्री बीकन हिल या टेकडीवरच्या गल्ल्यांतून घंटांवर कॅरोल वाजवीत हिंडण्याचा प्रघात पाडला. मनोऱ्यातील गणित आणि रस्त्यावरचे गाणे यांची अशी एका कुटुंबाच्या हातून गाठ पडली.

१९३७ साली न्यू इंग्लंड प्रांतातील हातघंटावादकांचा संघ स्थापन झाला, आणि १९५४ साली सबंध अमेरिकेचा. त्यानंतर प्रॉटेस्टंट चर्चमधून हातघंटांचे गट झपाट्याने वाढले. त्याचे कारण उघड आहे. ऑर्गन शिकावयास वर्षे लागतात, आणि गाण्याला निदान गळा तरी लागतो. हातघंटेला मोजता येणे आणि आपली पाळी न चुकविणे एवढे पुरे. बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांची आजीबाई एका टेबलाशी शेजारीशेजारी उभी राहू शकतात. इंग्लंडात हातघंटावादकांची देशव्यापी संघटना झाली ती १९६७ साली, म्हणजे अमेरिकेच्या मागून तेरा वर्षांनी. ज्या ओतशाळेने मार्गारेटबाईंना संच दिला ती १५७० पासूनची म्हणून गणली जाणारी व्हाइटचॅपलची ओतशाळा २०१७ साली बंद पडली. मूळ घरी दिवा मंदावला आणि परमुलखात तो मोठ्या वातीने जळत राहिला, असे प्रकार संस्कृतीच्या इतिहासात वारंवार घडतात.

मंडळीच्या गायनाला घंटांनी साथ करणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. प्रथम स्वराचा प्रश्न. हातघंटा तिच्या लिहिलेल्या सुरापेक्षा एक सप्तक वर वाजते, आणि इंग्रजी पद्धतीची घंटा अशी लावलेली असते की, मूळ सुराबरोबर त्याच्या वरच्या सप्तकातील पंचमही कानावर यावा. म्हणजे तिचा सगळा नाद माणसांच्या गळ्याच्या वर तरंगतो, खालून आधार देत नाही. तो आधार ऑर्गननेच द्यावयाचा. दुसरा प्रश्न कालाचा. ऑर्गनचा सूर पट्टी दाबून ठेवावी तोवर टिकतो. घंटेचा सूर उमटला त्या क्षणापासून विरू लागतो, आणि मुका केला नाही तर पुढल्या सुरात मिसळून गढूळ होतो. तिसरा प्रश्न गतीचा. दोनशे माणसे एकत्र गाऊ लागली की थोडी रेंगाळतातच. कुशल ऑर्गनवादक त्यांना सांभाळून घेतो, परंतु बारा जणांत वाटलेली चाल अशी ऐन वेळी सैल सोडता येत नाही. म्हणून जाणते संचालक मंडळीची सबंध चाल घंटांवर लादीत नाहीत. गीतापूर्वी घंटांनी सूर आणि लय सांगावी, कडव्याच्या बळकट मात्रांवर दोनतीन सुरांचा मेळ द्यावा, दोन कडव्यांच्या मध्ये मनोऱ्यातील घंटांची आठवण होईल असा निनाद करावा, आणि अखेरच्या कडव्याला मात्र सर्व घंटा मोकळ्या सोडाव्या. पंचवीस घंटांच्या दोन सप्तकी संचात एवढे सहज साधते.

हा संयम सुटला की काय होते, ते आपल्या भजनीमंडळात बसलेल्या कोणासही सांगावयास नको. मुख्य गायक तानांच्या आहारी गेला की टाळकरी हळूहळू थांबतात आणि भजनाची मैफल होते. मैफल वाईट नव्हे, परंतु ज्यासाठी सर्व जमले होते ते राहून जाते. हातघंटांच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण ते वाद्य जन्माला आले चुरशीसाठी आणि वाढले जलशात. गट तयारीचा झाला की त्याला अवघड रचना खुणावू लागतात, श्रोते टाळ्या वाजवितात, आणि ज्या मंडळीने गावयाचे ती गीतपुस्तक मिटून ऐकत बसते. सज्जातील सारंगीवाल्यांना हटवून ऑर्गनने जे केले तेच मग घंटाही करू लागतात. साथ या शब्दाचा अर्थ बरोबर चालणे असा आहे. पुढे धावणारा सोबती साथ करीत नाही, हे कोणत्याही धर्माच्या गायनास सारखेच लागू आहे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीने हाच प्रश्न आपल्या परीने सोडविलेला आहे. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी पाहिले की, भाषांतरित शब्द परक्या चालींवर म्हणताना मराठी माणसाचे तोंड उघडते पण मन उघडत नाही. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही आपली जुनी भांडी घेतली आणि त्यांत नवा आशय ओतला. टाळ आणि हातघंटा यांची तुलना मोठी बोधप्रद आहे. दिंडीत शंभर टाळकरी असोत, सर्वांचा ठोका एकच, आणि एक टाळ गळाला तरी नाद उणा होत नाही. हातघंटांच्या गटात प्रत्येकाचा सूर निराळा. गंधार धरणारा त्या दिवशी आला नाही तर त्या संध्याकाळच्या प्रत्येक गीतात, जेथे जेथे गंधार यावयाचा तेथे तेथे, रिकामी जागा राहते. शेजाऱ्याने धावपळ करून ती भरावी लागते. एका वाद्यात व्यक्ती समूहात विरून जाते, तर दुसऱ्यात तिच्यावाचून समूह अपुरा राहतो. भक्तीला दोन्हींची गरज आहे.

आणि ही दुसरी गोष्ट बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणारांस कोणी समजावून सांगावयास नको. परप्रांतातल्या लहानशा महाराष्ट्र मंडळात पेटी वाजविणारे एकच असतात, आरत्या तोंडपाठ असणाऱ्या वहिनी एकच, नाटकात स्त्रीभूमिकेस उभी राहणारी मुलगी एकच. जूनमध्ये बदलीचे हुकूम निघतात, आणि गणपतीच्या दिवसांत कोणता सूर गळाला ते कळते. मग कोणी तरी नवखा पुढे होतो, चुकतमाकत ती जागा धरतो, आणि दोन वर्षांनी तोच त्या मंडळाचा जुना जाणता म्हणून ओळखला जातो. आपण येथे जे चालवितो ते पुण्या-मुंबईच्या मानाने तोकडे आहे, असे आपणांस नेहमी वाटत असते. बॉस्टनच्या त्या बाईंनाही लंडनच्या मनोऱ्यांपुढे आपल्या बैठकीतील मूठभर घंटा तोकड्याच वाटल्या असतील.

येत्या नाताळात छावणीच्या चर्चवरून जाताना घंटांचा नाद कानी आला, तर घटकाभर थांबून पाहावे. आत कोणी चुकतो आहे, कोणी शेजाऱ्याची घंटा सांभाळून घेतो आहे, आणि मागल्या बाकावरचीही माणसे गात आहेत, असे आढळले तर साथ बरोबर चालली आहे असे समजावे.